बर्फातली शेवंती आणि तुमच्या लेकीचा फ्रीज

प्रिय विहीणबाईंना,

मनापासून नमस्कार, व्याहीबुवांनाही सांगा. तुमचे गुडघे काय म्हणतात? माझा डावा हल्ली दोघांच्या वतीने बोलतो. बाकी इकडे सगळे खुशाल. तुमची लेक खुशाल, तुमचे जावईही खुशाल (कंबर सोडून, ते पुढे येईल, घाबरू नका). माझी शाळा लवकर सुटली हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा कुठे काना-मात्रा राहिली तर आपल्या घरची समजून घालून घ्या.

तर काय झालं, सुट्टीत आपली नात आली होती. तिने एक फूल बर्फात गोठवलं, फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला आणि कॉलेजला निघून गेली. जाताना जुना फोन मला देऊन गेली. पोरगी गेली आणि नाद माझ्या गळ्यात पडला.

वाटतं तेवढं सोपं नाही हो ते. फूल पाण्यात सोडलं की वर येऊन बसतं. माझा पहिला गुलाब तसाच झाला, अंग बर्फात आणि डोकं बाहेर, गोधडीतून चहाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. म्हणून आधी थोडंसं पाणी गोठवायचं, त्यावर फूल उपडं ठेवायचं, वर जरासं पाणी घालून ते धरू द्यायचं, आणि मग डबा भरायचा. पाणीही उकळून गार केलेलं लागतं, नाहीतर बर्फात मोतीबिंदू पडतो (माझा काढलाय, म्हणून मला लगेच ओळखता आला). मग तो ठोकळा खिडकीत उभा करायचा, उजेड मागून यायला हवा, ओल्या हाताने पुसायचा आणि वितळायच्या आत फोटो काढायचा. पहिल्या फोटोत माझा अंगठा आला. दुसऱ्यात माझ्याच नाकपुड्या. पण तिसरा! पाकळीला चिकटून बारीक बारीक बुडबुडे, जणू फूल आत बसून श्वास घेतंय. मी खिडकीशी एकटीच हसत होते. विहीणबाई, आयुष्यभर जे जे केलं ते पानात पडलं आणि संपलं, भांडी घासली की झालं. हे पहिलंच काम, जे कुणाला खाता येत नाही.

आता कंबरेचं सांगते. तुमच्या लेकीला ऑफिसात बढती मिळाली (तिने तुम्हाला कळवलं असेलच, नसेल तर मी काही बोलले नाही). त्यांनी तिला गुच्छ दिला. गुच्छाने लवकरच माना टाकल्या, पण त्यातली एक पिवळी शेवंती मी आधीच, न विचारता, काढून गोठवली होती. नेमकी तो ठोकळा तयार झाला त्याच दिवशी कपाट सरकवताना तुमच्या जावयांची कंबर धरली. लेक बिचारी घाईत होती, फ्रीजमधला हाताला लागला तो ठोकळा काढला आणि ठेवला त्याच्या कंबरेवर. मी येऊन बघते तर हा पालथा पडलेला, ठोकळा निम्मा विरघळलेला आणि शेवंती बर्फातून मान बाहेर काढतेय. मी ओरडले, "हलू नकोस रे!" तो म्हणाला, "आई, किती काळजी करतेस गं." मी फोटो काढत होते. (आई आहे मी, नाही कशी? पण तो काय वितळून जाणार होता का?)

पण त्या गडबडीत फ्रीजचं दार नीट उघडलं गेलं आणि माझं बिंग फुटलं. फुलांना जागा हवी म्हणून मी तिचे सोललेले मटार आणि आठवड्याच्या भाज्यांचे डबे बर्फाच्या कप्प्यातून खाली उतरवले होते. सगळं आंबलं. सुट्टीचा अख्खा दिवस उभी राहून करते हो ती ते. ती एवढंच म्हणाली, "आई, रविवारपर्यंत फ्रीज मोकळा करा. त्यात एकतर जेवण राहील, नाहीतर फुलं." आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

चूक माझीच आहे, म्हणून मी हो म्हटलं. एकेक ठोकळा मोरीत ठेवतेय. पण सकाळी उठल्यावर आज आत काय झालं असेल बघू, अशी घाई मला कित्येक वर्षांत झाली नव्हती. ती आता रविवारी संपेल. असो. तुम्ही जपा, जिना सावकाश उतरा.

तुमची,
विहीण

ता. क. तुमच्या मागच्या खोलीत एक जुना फ्रीज आहे, ज्यात तुम्ही रद्दी ठेवता. मी मागतेय असं समजू नका. (मागतेच आहे. रविवारच्या आत मिळाला तर बरं.)

आणखी एक ता. क. तो फ्रीज अजून गार होतो, फक्त घोरतो, हे मला कसं कळलं असं तुम्हाला वाटेल. काल तुमच्या लेकीने शेवंतीचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "ही माझ्या गुच्छातली?" म्हणाली, आणि स्वतःच्या फोनवर घेतला. मग भांडी पुसता पुसता पाठ करूनच म्हणाली, "माझ्या माहेरचा जुना मागून घ्या ना, गार होतो अजून, नुसता घोरतो. पण मी सुचवलं असं माझ्या आईला लिहू नका हं, ती म्हणेल सासूला फितूर झाली." मी शब्द दिलाय, म्हणून यातलं काहीच मी लिहिलेलं नाही.