फक्त पहिली इनिंग

४ जून, मंगळवार

जिंकलो! पहिल्याच इनिंगमध्ये समोरच्यांनी कर्टला दोन रन ठोकले आणि मी टाळी वाजवली. चक्क टाळी! स्वयंपाकघरातून बायको, डोलोरेस, ओरडली, "काय झालं? आउट केलं का पोरानं कुणाला?" म्हटलं, "हो, हो."

एकतिसाव्या वर्षी माझा मुलगा कर्ट बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पिचर आहे, चेंडू टाकणारा. सगळ्या यंगस्टाउनला त्याचा अभिमान. आणि त्याचा बाप, पस्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला माणूस, त्याच्याविरुद्ध पैज लावून बसलाय.

विरुद्ध तरी कसं म्हणायचं? सामना त्यानं जिंकावाच. तो नऊ वर्षांचा होता तेव्हापासून परसात बादली पालथी घालून त्याचे चेंडू मीच झेललेत. सुरुवातीला तो नेहमीच चाचपडतो, मग हात बसतो. पूर्ण सामन्यावर पैज लावायची गरजच नाही म्हणे! पहिल्या इनिंगमध्ये समोरच्यांचा रन होणार की नाही, एवढंच सांगायचं. मी सांगतो, होणार. वीस मिनिटांत निकाल.

९ जून, रविवार

कर्टच्या घरच्यांना पैज लावायची बंदी आहे, म्हणून मिलो स्वतःच्या फोनवरून लावतो. आम्ही दोघं एकाच टपाल कचेरीतले. तो म्हणतो, "लेका, अख्ख्या अमेरिकेत ही गोष्ट तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही!"

खरंय ते. सामन्याच्या दिवशी दुपारी तीनला कर्ट मला फोन करतो. शाळेपासूनची सवय. भरभर बोलला की समजायचं, झोप झालेली नाही. "बाबा, बाबा" फार करायला लागला की धास्तावलाय. मला दोन मिनिटं पुरतात.

१५ जून, शनिवार

आज तो हसत होता. दहा तास झोपलो म्हणाला. मिलोला सांगितलं, आज नको. पहिल्या इनिंगमध्ये तीन बॅटर आले, तिघंही आउट, इनिंग संपली. बघा!

२० जून, गुरुवार

जिंकलो.

२६ जून, बुधवार

कर्टचं बायकोशी भांडण झालं होतं. जोअॅन माहेरी जाते म्हणत होती. मी "होईल रे नीट" म्हणालो, फोन ठेवला आणि लगेच मिलोला लावला. लगेच. हात पुसायलाही थांबलो नाही.

तीन रन. टीव्ही बंद करून गवत कापायला गेलो. डोलोरेस पायरीवर येऊन उभी राहिली. "लेन, तुझा मुलगा अजून खेळतोय."

"ठाऊक आहे."

"हल्ली पहिली इनिंग झाली की तू उठतोस. का?"

मी मशीन सुरू केलं.

२ जुलै, मंगळवार

जिंकलो. आज लिहायचं नाही.

३ जुलै, बुधवार

लिहितो. नाही लिहिलं तर दुसऱ्या कुणाला सांगणार?

काल कर्ट खुशीत होता. जोअॅन परत आली. आवाज कसा मोकळा! पण मिलोनं सकाळीच पैज लावून टाकली होती, आणि नेहमीपेक्षा मोठी. मला न विचारता! आता काय करायचं? तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "मागच्या वेळी तुझा खांदा लवकर उघडत होता, चेंडू सुटायच्या आधीच फिरत होता."

"खरंच, बाबा?"

"हो. जरा लक्ष ठेव."

खांदा काही उघडत नव्हता. उत्तम टाकत होता तो.

पहिल्या बॅटरला चार चेंडू बाहेर टाकून फुकटात पुढं सोडलं. दुसऱ्यानं मारला. तिसऱ्याचा चेंडू थेट प्रेक्षकांत. प्रत्येक चेंडूआधी कर्ट स्वतःच्या डाव्या खांद्याकडे बघत होता. टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. समालोचक म्हणाले, "याला आज झालंय तरी काय?"

८ जुलै, सोमवार

मिलो आमच्या स्वयंपाकघरात समोर बसला होता, फोन हातात धरून. तीनला कर्टचा फोन.

"बाबा, मी कोचला विचारलं. तो म्हणतो खांद्यात काही दोष नाही. फिल्म पाहिली, त्यातही दिसत नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असणार."

हीच वेळ होती. तीन शब्द पुरले असते. मी चुकलो रे.

मिलोनं भुवया उडवल्या. मी म्हणालो, "अजून तसंच आहे."

चार रन. त्याच्याच संघाचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. मिलोनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी उठून सिंकवर गेलो, नळ सोडला आणि नुसता उभा राहिलो.

१२ जुलै, शुक्रवार

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. पुरुषाचा आवाज, फार अदबीचा. "कर्टचे वडील ना आपण? पुढच्या शुक्रवारी पोराची तब्येत कशी राहील?"

मी फोन ठेवला. मिलोला गाठलं, तर हा दाढी खाजवत म्हणतो, "दोघातिघांना सांगितलं असेल मी. चांगली माणसं आहेत. तू कशाला घाबरतोस?"

१३ जुलै, शनिवार

तोच नंबर. उचलला नाही.

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी मिलोला सांगितलं, संपलं. आज नाही, पुढं कधीच नाही. "असं कसं संपलं? लोकांनी पैसे लावलेत!" म्हणाला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. चाळीस वर्षांच्या मित्राच्या तोंडावर.

तीनची वाट न बघता मीच कर्टला फोन केला. "खांदा विसर. काही झालेलं नाही. मी चुकीचं पाहिलं."

"तुम्ही माझं मन राखायला म्हणताय."

"नाही रे! खरंच सांगतोय!"

"बाबा, काळजी करू नका. मी नवीन पद्धत बसवलीय. खांदा बांधल्यासारखा ठेवतो. दोन आठवडे तेवढंच करतोय."

मी ओरडलो, सोड ते, जुनं टाक! तो समजूत काढत राहिला. माझी समजूत!

पहिली इनिंग. दोन आउट. एकही रन नाही. मी खुर्चीच्या टोकावर, डोलोरेस शेजारी. टाक रे पोरा, टाक. पुढचा चेंडू त्यानं टाकला आणि हात तसाच लोंबता राहिला. गुडघ्यावर बसला. कोपर पोटाशी धरून. डोलोरेसनं माझं मनगट इतकं दाबलं की अजून वळ आहे.

२२ जुलै, सोमवार

कोपराचा सांधा धरून ठेवणारं लिगामेंट फाटलं. डॉक्टर म्हणाले, टाकण्याची पद्धत एकदम बदलली की सगळा ताण तिथं येतो. शस्त्रक्रिया. दीड वर्ष विश्रांती. एकतिसाव्या वर्षी दीड वर्ष! म्हणजे काय ते कर्टला कळलं, मला कळलं. डोलोरेस अजून विचारते, "पुढच्या उन्हाळ्यात खेळेल ना?"

३० जुलै, मंगळवार

कर्ट आणि जोअॅन आलेत. हात प्लास्टिकच्या साच्यात. डोलोरेसनं कोबीचे रोल केले, त्याला मांस कापून दिलं, लहानपणी द्यायची तसं. त्यानं निमूट खाल्लं. माझ्याकडे बघून हसला. मी ताट बाजूला सारलं.

उद्या सांगणार. सगळं. तारखांसकट.

३१ जुलै, बुधवार

परसात गेलो. सांगायला तोंड उघडलं, तर तोच आधी बोलला. "बाबा, तुमची आणि मिलोकाकांची पैज मला जूनच्या अखेरीपासून माहीत आहे. मिलोकाकांकडून आईला कळलं, आईनं मला सांगितलं. बरं वाटलं मला. मी रन देणार नाही म्हणून बाप आपल्यावर पैसे लावतो! म्हणून पहिल्या इनिंगला जीव तोडून टाकायचो, आणि दरवेळी रन देऊन तुमचे पैसे बुडवले. माफ करा."

मी म्हणालो, "असू दे."