रोबोच्या तोंडी माधव

११ ऑक्टो., शनि.
कादंबरीचं सहावं प्रकरण झालं. रोबोवर खटला: कामावरून काढल्यावर स्वतःला बंद करून घ्यायला नकार दिला. कोठडीत आरशासमोर साक्षीची तालीम करतो. "मी टीम प्लेअर आहे. माझा दोष एकच, मी फार मेहनत करतो." लिहिताना एकटीच खो खो हसले. वाक्यं नवऱ्याची, माधवची. ऑगस्टमध्ये जॉब गेल्यापासून बेडरूमचं दार लावून इंटरव्ह्यूची तयारी चालते. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगितलेलं नाही.

१८ ऑक्टो.
मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. तेच प्रकरण वाचलं. मंडळाच्या अंकाच्या संपादक सुलभाकाकू हसून हसून डोळे पुसत होत्या. माधव दुसऱ्या रांगेत. शेजारच्यानं त्याच्या मांडीवर थाप मारली, तेव्हा तोही हसला. तिथेच थांबायला हवं होतं. उलट पुढचं वाक्य त्याच्यासारखा घसा खाकरून वाचलं. आणखी हशा.

परतताना गाडीत माधव: "छान वाचलंस."
हायवेवर बॉथेल गावाच्या एक्झिटपाशी: "दार लावलं तरी ऐकू येतं का गं?"
"थोडंसं."
"बरं."

२० ऑक्टो.
आता गराजमध्ये, गाडीत बसून प्रॅक्टिस करतो. काचा वर. कपड्यांचा ड्रायर लावायला गेले तर नुसते ओठ हलताना दिसले. मला बघून रेडिओशी काहीतरी खुडबुड केल्यासारखं केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ ऑक्टो.
सुलभाकाकूंचा फोन. "अगं, तो आरशाचा सीन मंडळाच्या अंकात हवाच!" नाही म्हणायचं होतं. "पाठवते" म्हणाले. वर खूशही झाले. शी.

२५ ऑक्टो.
सकाळी चहा घेताना माफी मागितली. रडले. म्हणजे परत त्यानंच माझी समजूत काढायची. सीन काढून टाकते म्हटलं.
"काढू नको. विनोदी आहे यार. मलाही हसू आलं." मग बराच वेळ कप धूत राहिला. "पण त्याच्या बाजूनं बोलणारं कोर्टात कुणीच नाही. एक वकील दे ना त्याला."

२६ ऑक्टो., रवि.
काकूंना अजून काहीच पाठवलेलं नाही, नाही असंही कळवलेलं नाही. उद्या माधवचा इंटरव्ह्यू. वर शर्टला इस्त्री करतोय. मी खाली वकिलाला उभं केलंय. सरकारी पक्षाची वाक्यं किती भराभर सुचली होती मला. हा नुसता उभाच. "महाराज, माझे अशील..."
पुढे सुचत नाही.