उसवलेलं टोपडं

मालवण, मंगळवार, ७ जानेवारी १९५८

पोटातलं पोर सकाळपासून हललेलं नाही. आठवा महिना आहे.

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, जुन्या लुगड्याची फडकी तेवढी धुऊन ठेवायची, हा सासूबाईंचा कायदा. मी महिनाभर मुद्दाम त्यांच्यासमोर बसून पिवळं टोपडं विणत होते. मालवणच्या उकाड्यात लोकरीचं टोपडं! गरज बाळाला नव्हतीच. मी शिकलेली आहे हे दाखवायची मला होती.

दुपारी मात्र हीच शिकलेली बाई थोरल्या दोन्ही पोरांना अंगणात पिटाळून टोपडं उसवत बसली. शेवटचा टाका सुटला, तरी पोट गप्पच.

तेवढ्यात सासूबाई आल्या. मांडीवरचा पिवळा गुंता त्यांनी बघितला. आता ऐकवणार, म्हणून मी मान खाली घातली.

"सोडलंस कित्याक गो?"

"तुम्हीच म्हणत होतात ना?"

"ता मी रोजच म्हणतंय. तू कधी माझा ऐकलंस? मगे आजच कशी शाणी झालंस? घाल टाके परत!"

सुईणीला निरोप धाडून त्या समोर बसल्या आणि गुंता सोडवू लागल्या. दिवेलागणीला, मी तिसरी ओळ विणत असताना, आतून एक ढुशी बसली.

"हललां!" मी ओरडले. सासूबाईंनी त्या लोकरीनेच डोळे पुसले.

उसवल्यामुळे हललं की परत विणल्यामुळे, यावर आम्ही उद्या कडाडून भांडू. सुईण अजून यायचीय. एक हात पोटावर ठेवून लिहितेय. ढुशी एकच बसलीय. दुसरी कधी?