‘उलटा कोट’ची बाजू घेताना

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७
आजपासून रोज एक पान. ‘उलटा कोट’ या हेरपटाला समीक्षकांनी वाळीत टाकलं, आता त्यांची खैर नाही. सोळा तारखेला फिल्म क्लबमध्ये माझी पाळी. प्रत्येक मेंबरला वर्षातून एकच सिनेमा दाखवता येतो, आणि आधी त्यावर बोलावं लागतं.
बायको भावाकडे जाऊन तीन आठवडे झाले. मेव्हण्याचा गुडघा दुखतो म्हणून गेली. जाताना शिलाई मशीनही नेलं. गुडघा बराच दुखत असावा.

बुधवार, ५ मार्च
पानं शून्य. दुकानात चष्म्यांच्या काचा घासण्यातच दिवस गेला. पण मुद्दे डोक्यात तयार आहेत. छपरावरची मारामारी. कोट उलटा घालून पोलिसांसमोरून ऐटीत निघून जाणारा हेर. आणि त्याची बायको! सहा वर्षं वाट बघते, पण कुठे होतात म्हणून विचारत नाही. काय हा समंजसपणा!
हिला हे एकदा दाखवलं की आमच्यातलं सगळं सुरळीत होईल. फोन केला. येते म्हणाली. निम्मं काम फत्ते.

सोमवार, १० मार्च
सेक्रेटरी म्हणाले, पाच मिनिटांत आटपा, गेल्या वर्षी तुम्ही बोलत असतानाच लोक चपला शोधायला लागले होते. पाच मिनिटांना कशाला हवीत पानं? लिखाण संपल्यातच जमा.

रविवार, १६ मार्च
अकरा माणसं. बावीस मिनिटं बोललो, त्यातली दहा त्या बायकोवर. मध्यंतरानंतर चारच उरली, पण ही शेवटपर्यंत नजर न हलवता बसली. वाटलं, जिंकलो.
जिन्यात विचारलं, कसा वाटला? म्हणाली, मारामारी छान आहे. पण त्या बाईला अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? मी म्हणालो, असेल की. म्हणाली, नाही, मी तेच बघत होते. मग म्हणाली, मी आता परत येणार नाही. उरलेले कपडे भाऊ येऊन नेईल.
तेवढ्यात मेव्हणा दोन-दोन पायऱ्या चढत तिला न्यायला वर आला.

सोमवार, १७ मार्च
रजा टाकली. वही घेऊन सिनेमा दोनदा पाहिला. सापडलं! एक तास सात मिनिटांनी हेर घरात शिरतो. बायको पाठमोरी आहे, पण स्पष्ट विचारते, जेवायला वाढू?
लगेच फोन लावून तिला ऐकवलं. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ऐकवलं. तोवर तिने फोन ठेवला होता.
माझं मी वाढून घेतलं.