लाल फाशाबद्दल, आणि उरलेल्या मालमत्तेबद्दल

मी, चौकटींच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून हात धरलेला नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. शाळा माझी लहानपणीच सुटली, तेव्हा कायद्याची भाषा जिथे अडखळेल तिथे माझी साधी भाषा चालवून घ्यावी.

मला वारस दोन. थोरली लेक विमा कंपनीत आकडेमोड करते आणि इथून चार गल्ल्या पलीकडे राहते. धाकटा मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. का नाही, ते कलम पाचमध्ये येईल. खरं तर त्या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बाकीची कलमं म्हणजे चित्राभोवतीची चौकट.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गच्ची थोरलीला. तिथल्या खिडकीत बसून ती अभ्यास करायची. धाकटा खालून खडे मारायचा, तिचं लक्ष हलायचं नाही.

कलम २. खालचं दुकान धाकट्याला. त्याने ते चालवावं असा हट्ट नाही. भाड्याने दिलं तरी चालेल, फक्त काचवाल्याला देऊ नये. त्या माणसाने ह्यांच्या भोळेपणाचा फायदा घेऊन वर्षानुवर्षं लाटांची काच आमच्या गळ्यात मारली. तिच्यामागे बसवलेला धडधाकट माणूसही पाण्यात बुडाल्यासारखा दिसायचा. मी मनाने मोठी आहे असं लोक म्हणतात. काचवाल्यापुरती मी लहानच बरी.

कलम ३. बँकेत जे असेल ते दोघांत निम्मं निम्मं. करवती, रंधे, पटाशा, गुण्या आणि शिकंजे ज्याच्या हाताला लागतील त्याने घ्यावे, पण कपाटात गंजवू नयेत. गिऱ्हाइकांनी न नेलेल्या तसबिरी दुकानाच्या माळ्यावर आहेत. त्या टाकू नयेत. आपलं लग्न विसरून गेलेल्या माणसालाही कधीतरी आठवण येते.

कलम ४. दुकानामागची खोली, तिच्यातलं मोठं टेबल, लाकडी शिपाई, कागदी नद्या, पूल आणि टेकड्या दोघांच्या सामाईक मालकीच्या राहतील. परक्याने वाचलं तर कळावं म्हणून सांगते. आमच्या ह्यांना पटावरच्या लढाया रचायचं वेड होतं. दोन फौजा, मध्ये नदी, कोणी किती वेळात काय काबीज करायचं, याला आम्ही मांडणी म्हणतो. मांडणी रचणं सोपं. ती न्यायाची आहे की नाही हे कळायला ती पुन्हा पुन्हा खेळून बघावी लागते. ‘तपासताना जिंकायचं नसतं,’ हे म्हणायचे, ‘मांडणी कुठे उसवते ते बघायचं असतं.’ सगळं घर जेवण उरकून तेच बघत बसायचं. मीसुद्धा. आधी ह्यांच्यासाठी बसले, मग स्वतःसाठी.

तपासायची आमची रीत अशी. एक डाव झाला की बाजू बदलायच्या. ज्याने पूल राखला त्याने आता पुलावर चालून जायचं. दोन्ही वेळा पूल राखणाराच जिंकला तर दोष मांडणीचा. दोन्ही वेळा एकच माणूस जिंकला तर तो माणूस हुशार, किंवा त्या दिवशी त्याचं नशीब जोरावर. नशिबाला तेवढी मोकळीक द्यावीच लागते. मागचं दान फाशाला आठवत नाही, आठवतं ते आपल्याला, आणि आपण उगाच त्याचा अर्थ लावत बसतो. पण पुन्हा पुन्हा, आठवड्यामागून आठवडे एकच माणूस जिंकत राहिला, तर नशिबावर किती ढकलायचं?

फासे ज्याचे त्याचे असायचे. थोरलीचा पांढरा, धाकट्याचा लाल, दोन्ही ह्यांनी घडवलेले. बाजू बदलली तरी फासा बदलायचा नाही, कारण दुसऱ्याच्या दानाला हात लावायचा नाही ही घरची शिस्त. शिस्त चांगलीच होती. तिच्यातच खोट लपेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

कलम ५. हे मी शपथेवर लिहिते.

हे गेल्यानंतर दोघा मुलांनी मिळून त्यांची अर्धवट राहिलेली पुलाची मांडणी पुरी केली. एक खेळ छापणारा गृहस्थ ती बघायला आला. शेजारचे घड्याळजी होते, वरच्या आळीतली शिवणकामवाली मावशी होती, म्हणजे चारचौघं जमलेली. धाकटा पूल राखून जिंकला. बाजू बदलल्या, धाकटा पुलावर चालून जाऊनही जिंकला. पाहुणा म्हणाला, “मांडणी एकतर्फी दिसते.” ह्यांच्या हातच्या शेवटच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं थोरलीला सोसलं नाही.

“मांडणीत खोट नाही,” ती म्हणाली. “बाजू बदलली तरी हाच जिंकतो. आजच नाही, कायम. मग उरलं काय? ह्याचा हात.”

“म्हणजे मी लबाडी करतो?”

“मी तसं म्हणत नाही. आकडे म्हणतायत.”

“आकड्यांना तोंड तूच दिलंस ना, ताई?”

त्याने फासा टेबलावर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला. तेव्हापासून मला त्याचा फोन येतो तो असा: “आई, ताई आहे का तिथे? मग नंतर करतो.”

आता खरं काय ते. गेल्या उन्हाळ्यात मी शिपायांना नवा रंग देत होते. कुंचले धुवायच्या भांड्यात लाल फासा पडला आणि तरंगू लागला. वर सहा. बोटाने उलटा केला, सोडला, गोल फिरून वर सहा. पांढरा टाकला, तर तो पडेल तसा तरंगत राहिला. मी पुन्हा पुन्हा केलं. लाल फासा कसंही टाकलं तरी पायांवरच पडणाऱ्या मांजरासारखा दर वेळी त्याच अंगावर येई.

कारण आम्हा चौकटवाल्यांच्याच घरी घडावं असं आहे. गाठीचं लाकूड चौकटीला चालत नाही, जोड धरत नाही. म्हणून गाठीपाशी पट्टी कापतात आणि तो तुकडा बाजूला टाकतात. काही वाया घालवायचं नाही म्हणून हे त्या तुकड्यांतून फासे करायचे, आणि वरून रंगाचे दोन हात. गाठ जड असते. ती ज्या अंगाला, ते अंग खाली. धाकट्याच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात ती राहिली, रंगाखाली झाकली गेली, आणि इतकी वर्षं त्याच्या बाजूने खेळत राहिली. त्याला ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, असं मी माझ्या संसाराच्या अनुभवावरून सांगते. ह्यांना गुपित म्हणून काही ठेवताच यायचं नाही, माझ्या वाढदिवसाची भेटवस्तूसुद्धा ते आदल्या दिवशीच दाखवून टाकायचे.

तेव्हा मी लिहून ठेवते की माझा मुलगा सरळ खेळला. आणि हेही लिहून ठेवते की माझ्या मुलीचा तर्क चुकलेला नव्हता. माणसं बदलली नव्हती, मांडणी बदलली नव्हती, बाजू तेवढ्या बदलल्या होत्या. हात आणि फासा या उरलेल्या दोन गोष्टींपैकी तिला एकच दिसली, कारण दुसरीकडे बघायचं नाही असं आम्हीच शिकवलं होतं.

हे मी दोघांना सांगितलं नाही असं नाही. थोरली म्हणाली, “आई, तू त्याची आई आहेस, पंच नाहीस.” धाकटा म्हणाला, “फासा पाण्यात तरंगला म्हणून माझी गेलेली अब्रू वर येते का?” बोलण्यात दोघंही माझ्यावर गेलीत. आईचं बोलणं पक्षपाती ठरतं, म्हणून ते साक्षीदारांसमोर कागदावर आणलं. लाल फासा घड्याळजी आणि मावशी या दोघांनी आपल्या हाताने पाण्यात टाकून पाहिला आहे. तो करवतीने कापून गाठ शोधू नये, आहे तसा ठेवावा.

कलम ६. मुलांनी समेट केला तरच वाटा मिळेल अशी अट घालावी असं मावशीने सुचवलं. मी घालत नाही. वाट्यासाठी हसून बोलतील आणि कागद झाला की पुन्हा पाठ फिरवतील. तसलं बोलणं म्हणजे लाटांची काच.

कलम ७. हे कलम मी धरलं नव्हतं, आजच वाढवत आहे. सही करण्याआधी वरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत होते. कलम पाच चालू असताना थोरली माझ्या गोळ्या घेऊन आली आणि दारातच थांबली. वाचणं थांबवावं का, असं घड्याळजींनी डोळ्यांनी विचारलं. मी पुढे वाचत राहिले.

वाचून झाल्यावर तिने भांडं भरून आणलं. लाल फासा सहाही अंगांनी पाण्यात ठेवून पाहिला, मग पांढरा. पदराने बोटं पुसली. मग म्हणाली, “साक्षीदार म्हणून मलाही सही करायची आहे.”

घड्याळजी हसले. “अगं, साक्षीदाराला वाटा मिळत नाही. म्हणून तर आईने मला बोलावलं, मला कोण काय देतंय!”

“ठाऊक आहे, काका. विम्यात काम करते मी.”

“वरच्या खोल्या जातील गं,” मी म्हटलं. “बँकेतलंही जाईल.”

“जाऊ दे. चारचौघांत बोलले होते, चारचौघांतच मागे घेते. नुसता फोन केला तर तो म्हणेल, आईने भरीस घातलं.”

“वकीलबाईंना विचारून दुसरी काही वाट काढू.”

“वाट काढलीस तर ते खरं दान होत नाही, आई.”

यापुढे माझी मात्रा चालली नाही. म्हणून लिहिते. धाकट्या, ताईने सही केली की तिचा सगळा वाटा कायद्याने तुझ्याकडे येईल. त्याचं तू काय करावंस याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. तिने सही करण्याआधी तुला काही कळवलेलं नाही, मीही कळवलेलं नाही. हा कागद तुझ्यासमोर उघडेल तेव्हा मी नसेन, आणि ती असेल.

वरील मजकूर मी वाचला, समजला, मला मान्य आहे.

स्थळ: दुकानामागची खोली, मोठं टेबल
वार: मंगळवार, दुपार

सही: चौकटवाली

साक्षीदार:

१. घड्याळजी. फासा पाहिला. बाई शुद्धीवर आहेत, नेहमीपेक्षा जास्तच.

२. शिवणकामवाली मावशी. पाहिला. कलम सहाबद्दल माझं मत अजून तेच आहे.

३. थोरली लेक. वाटा जाईल हे जाणून सही करते. फासा मी स्वतः पाहिला. माझा भाऊ सरळ खेळत होता.