जगाची भूमी, चार किलोमीटर

३ मार्च, सोमवार

दगड रंगवून झाला! गुडघे नको नको म्हणत होते, पण ऐकतो कोण.

वेशीवरचा दगड — ‘रोकवेर : जगाची भूमी’. पंचाहत्तर वर्षं दर मार्चमध्ये मीच रंगवत आलोय. दोन वर्षं सोडून. त्या दोन वर्षांचं आज नको.

१९५० साली मी बारा वर्षांचा होतो. गावाने ठराव केला — आम्ही फ्रान्सचे आहोतच, आजपासून साऱ्या जगाचेही. एक जग, एक कायदा, एक सरकार, लढाया बंद! चौकात खुर्चीवर उभं राहून मी जाहीरनामा वाचला. शेवटी माझ्या स्वतःच्या ओळी —

नदीस पुसा, गं तुझा देश कोणता?
हसेल, वाहेल, न देईल पत्ता!

आई बाहीने डोळे पुसत रडली. सगळ्यांना वाटलं, फार तर दहा वर्षं लागतील.

रंग वाळायच्या आत माइलिस आली. आता गावची सरपंच. माझ्याच वर्गात अक्षर गिरवलेली.

“मास्तर, एकवीसला सभेत आपल्या अकरा जणांचं मत घेतेय. सेंत-फाबिएनशी एक व्हायचं की नाही.”

आपली नऊ मुलं, त्यांची अकरा. दोन्ही गावं एक झाली तर एक शाळा टिकेल. नाहीतर दोन्ही बंद, आणि पोरं पाऊण तास बसमध्ये.

“शाळा कुठे राहील?”

“त्यांच्याकडे. इमारत मोठी आहे.”

“आणि गावकचेरी?”

“तीही.”

“म्हणजे आपण त्यांच्यात जायचं!”

“चार किलोमीटर, मास्तर,” ती हसली. “तुम्ही तर अख्ख्या जगात जायला निघाला होतात.”

शाई संपत आली. ही जांभळी आता गावात मिळत नाही. माझ्याशिवाय वापरतंय कोण!

६ मार्च, गुरुवार

कॅफेत जुना दोस्त इलेर, सभेतही माझ्या शेजारचा. साठ वर्षं तोच वाद, तेच टेबल.

मी म्हटलं, रोगांच्या साथी येतात, नदीत विष उतरतं, धूर पसरतो — कुणी वेशीवर परवाना दाखवतं का? दुखणी जगाची आणि सरकारं गल्लीची! सगळ्यांवर एक कायदा हवा, तरच बंदुका खाली येतील.

इलेर म्हणाला, “आणि ते एकुलतं एक सरकार नासलं तर? तक्रार कुठे करशील — चंद्रावर?”

“मतदान असेल.”

“असेल ना! आठशे कोटींत तुझं एक. शुभेच्छा!”

मग हळूच, नेहमीसारखं — “आन्सेल्म, मी अल्जीरियाच्या लढाईला गेलो नाही. स्वित्झर्लंडला पळालो. गुडघाभर बर्फ होता. सीमेपलीकडच्या पोलिसाने मला कॉफी दिली, अलीकडच्याने बेड्या दिल्या असत्या. तुझ्या एका जगात मी पळालो कुठे असतो रे?”

मी विषयच बदलला.

विचारलं, “एकवीसला काय लिहिणार?”

“बघू,” म्हणाला. म्हणजे ‘नाही’. जन्मभर प्रत्येक ठरावाला ‘नाही’च लिहीत आलाय.

११ मार्च, मंगळवार

झोप नाही. लिहूनच टाकतो.

इलेर पळाला, मी गेलो. चौकात खुर्चीवर चढून ‘लढाया बंद’ म्हणणारा मी — विसाव्या वर्षी रायफल घेऊन. डोंगरातल्या एका गावात आमचा मुक्काम होता. लोक आधीच हाकललेले. आम्ही शाळेत उतरलो. थंडी मरणाची. बाकं जाळली. एकावर कुणीतरी टोकदार वस्तूने पक्षी कोरलेला होता. तेही मीच आगीत सारलं. फळ्यावर तारीख तशीच होती.

परत आलो तो मास्तर झालो. लोकांना वाटलं, कवितेच्या वेडाने. वाटू दे!

आता एक शाळा माझ्या हातात आलीय. ‘हो’ लिहायचं. यात विचार करण्यासारखं आहे काय?

१४ मार्च, शुक्रवार

कचेरीत जुनं दप्तर काढलं. पन्नास सालचा ठराव पाहायचा होता, डोळे भरून. आहे! सगळ्यांच्या सह्या, माझ्या वडिलांचीही.

एक पान मागे गेलो. उगाच गेलो.

तीन आठवडे आधीची सभा. सेंत-फाबिएनची विहीर आटली होती. आपल्या झऱ्यावरून त्यांनी नळ मागितला होता. ठराव फेटाळला. एकमताने. त्याच सह्या, त्याच क्रमाने. बाबांचीही.

पाणी दिलं नाही आणि तीन आठवड्यांनी सारं जग कवेत घेतलं! वाहवा! मी खुर्चीवर चढून नदीचं गाणं म्हटलं तेव्हा समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि मी मूर्ख, त्या टाळ्यांवर जगलो.

त्याच दप्तरात पुढे माझं आणि सेलेस्तचं लग्न नोंदलेलं. तिच्या सहीचा तो शेपटीदार शेवट. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. ही दप्तरंही पलीकडे जाणार. त्यांच्या ओलसर तळघरात.

२० मार्च, गुरुवार

उद्या. ‘हो’. दुसरं काय लिहिणार मी!

२१ मार्च, शुक्रवार

अकरा सभासद, अकरा कोऱ्या चिठ्ठ्या. माइलिस म्हणाली, ज्याने त्याने आपापल्या पेनाने लिहावं. भिंतीवरचा जाहीरनामा समोरच होता, काच तडकलेली. चिठ्ठ्या तिने एकटीने उघडल्या, आवाज न बदलता वाचल्या.

हो — पाच. नाही — सहा.

एका मताने गेलं! खुर्च्या तेवढ्या वाजल्या.

जिना उतरताना इलेरने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

२३ मार्च, रविवार

कॅफे भरलेला. फेरेओल खाटकाच्या दोन नाती शाळेत आहेत. थेट इलेरच्या टेबलापाशी आला.

“काय इलेरकाका, जमलं ना? बस पहाटे पावणेसातची आहे. पोरींना उठवायला येताय की तेव्हाही स्वित्झर्लंडला जाणार?”

सगळे हसले. साठ वर्षांत हे त्याला तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

इलेरने ग्लास पुसल्यासारखा फिरवला. “थंडी फार असते हो पहाटेची,” एवढंच म्हणाला.

मग फेरेओल माझ्याकडे वळला. “तुम्हाला किती लागलं असेल, मास्तर!”

मी मान हलवली. कॉफी संपवली. गार झाली होती.

३० मार्च, रविवार

शिक्षण खात्याचं पत्र आलं. जुलैपासून दोन्ही शाळा बंद.

बाकं कुणाला हवी असतील तर घेऊन जावीत, असं माइलिसने दारावर लावलंय. फेरेओलने दोन नेली. सरपणाला, म्हणे.

४ एप्रिल, शुक्रवार

माइलिस आली. बसली नाही. माझ्या हातात पाकीट ठेवलं.

“बाकीच्या दहा चिठ्ठ्या जाळल्या, मास्तर. ही तुमच्याकडेच असू दे.”

उघडलं. ‘नाही’. सुरेख वळणदार अक्षर. जांभळ्या शाईत.

दारात थांबून म्हणाली, “इलेरकाकांनी ‘हो’ लिहिलं होतं. तुमची शाई त्यांनीही पाहिली, शेजारीच तर बसले होते. कॅफेतलं कळल्यावर मी सगळ्यांना सांगणार होते, पण त्यांनीच अडवलं. म्हणाले, माणसाला पळायला एक वाट ठेवावी.”