फडक्यातल्या दोन लवंगा

आक्का, तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. तरी लिहिते, कारण तोंडावर सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत मला कामाला लावलंस ते तूच. चाळणी कशी धरायची, धुरळ्याकडे पाठ करून कसं बसायचं, सगळं तू शिकवलंस. त्या वासानं मला मळमळायचं, म्हणून तुझ्या जुन्या लुगड्याचं फडकं नाकाला बांधायला दिलंस. वास मरावा म्हणून मीच त्याच्या टोकाला लवंगा मागितल्या. "लई लाडाची झालीयास," म्हणालीस आणि दोन लवंगा गाठीत बांधल्यास.

त्या दिवशी मी फडकं नाकाला बांधलंच नव्हतं, कमरेला खोचलं होतं. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पडले. उठते तो मुकादम डोक्यावर उभा. "चक्कर येणारी बाई नगं मला. उद्यापास्नं येऊ नगंस." घरात माझ्या कामावरच चूल पेटत होती. मी कमरेचं फडकं पुढं केलं. "ह्यात कायतरी हाय. आक्कानं बांधलंय."

गाठ सुटली, लवंगा खाली पडल्या. "करणी!" कुणीतरी ओरडलं. थोड्या वेळानं माझ्या शेजारची घुमायला लागली, मग तिच्या पलीकडची. त्या ढोंग करत नव्हत्या गं, त्यांचे हातपाय खरंच थरथरत होते. वखार सुटेपर्यंत सहाजणी पडल्या. एकीला तिचं मेलेलं पोर आठवलं आणि तू त्याला पाजलेला काढाही. खोटं माझं एकच होतं, जिनं तिनं आपलं दुखणं त्याला जोडलं.

तू माझ्याकडं बघतेयस. "सांग की गं पोरी, लवंगा कशाला बांधल्यात त्या."

"मला काय ठावं न्हाय," मी म्हणाले.

तुला केसाला धरून बाहेर काढलं. माझं काम टिकलं.

पुढं एकदा कोगनोळीच्या बाजारात तू भाजी घेऊन बसलेली दिसलीस. मला ओळखून विचारलंस, "आता चक्कर येत न्हाय न्हवं?" मी मान हलवली आणि काही न घेता पुढं गेले. बरोबर वखारीतल्या बायका होत्या. त्या प्रश्नाची लाज मला अजून झोंबते.

मघाशी सुनेनं विचारलं, काय लिवताय? मी म्हणाले, वाण्याची यादी.

"मग लवंगा लिवा, संपल्यात."

मी मान खाली घालून लिहिल्या, ह्याच कागदाच्या मागं.